कौलाचा डबा

साऱ्या वऱ्हाडाचा फैसला एके काळी माह्या डोक्यावर होता. डोक्यावर म्हंजे खरंच डोक्यावर, तेलाच्या डब्यात. डोक्याच्या आत तं तवाही काही नव्हतं अन् आताही नाही. शाळेत मी दोन वर्सं पहिलीतच काढली. तिसऱ्या वर्सी मास्तरच बदलून गेले, मले वाटलं तेच पास झाले, म्हनून मीही घरी आलो. आता हे जे तुमी वाचून राहिले, ते मी खाटेवर बसून बोलून राहिलो अन् माही नात शुभांगी लिहून राहिली. ते मधामधात पेन थांबवते अन् विचारते, "आबा, हे खरं आहे का?" मी म्हनतो, तू लिही माय, खोटं असन तं वाचनारा पाहून घेईन.

आमी वलगावचे, जातीचे माळी, वांगे-मेथी-झेंडूवाले. आमच्या घरी सूर्य उगवायच्या आंधी बाबाचा खोकला उगवे. मंग मायच्या बांगड्या, मंग म्हशीच्या धारेचा चर्र आवाज, मंग विहिरीवरच्या इंजनाचं भक-भक, अन् सगळ्यात शेवटी मी. मायच्या हातची ज्वारीची भाकर, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, अन् थंडीत वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची हिरवी पात. ते भरीत खाताना मी कोनाचंच ऐकत नव्हतो. न खाताना तरी कुठी ऐकत होतो म्हना. उन्हाळ्यात माय अन् शेजारच्या बाया तूर भिजवत, वाळवत, जात्यावर भरडून दाळ करत. जात्यातून दाळ पडताना असा आवाज येते का जसं कोनी हळूहळू हसून राहिलं. आता शुभांगीची माय दाळ पाकिटातून आनते. पाकीट हसत नाही.

माहे बाबा म्हंजे महादेव माळी. मी त्यायचं शेंडेफळ. म्हातारपनी झालेलं, अन् त्यायनंच म्हनल्यापरमानं, कीड लागलेलं. बाबा मानसाइशी कमी बोलत, वांग्याच्या झाडाइशी जास्त. पन एक गोष्ट त्यायच्या मनात लय वर्सांपासून ठुसठुसत होती. ते कधी कधी जेवता जेवता काढत. "माहा आजा निजामाचा," ते म्हनत, "बाप इंग्रजाचा. मी रांगत होतो तं आमाले नागपूरले जोडलं. मंग नागपूरपासून सोडलं अन् मुंबईले बांधलं. मंग मुंबईचेच दोन तुकडे झाले, त्यातल्या एका तुकड्याले आमी चिकटेल राह्यलो. आता म्हनतेत, पुन्हा सोडाचं. अन् आमी? घर तेच, वावर तेच, विहीर तेच. एवढ्या राज्यायतून फिरून आलो, पन एकदाही बैलगाडी जुपली नाही." मंग घास हातातच ठेवून म्हनत, "जुपली नाही तं नाही. पन एकदा तरी दारात येऊन कोनी विचारलं असतं, का महादेवा, तुले कुठी राहाचं हाय? गोऱ्ह्याचा सौदा कराचा असला तरी आपन त्याच्या तोंडाकडे पाहतो."

माय म्हने, "विचारलं असतं तं काय सांगतलं असतं?"

"विचारन तवा सांगीन," बाबा म्हनत, अन् घास तोंडात टाकत.

अन् एक दिवस खरंच विचारनारे आले. अमरावतीहून वेगळ्या राज्याच्या समितीचे वकीलसाहेब, संगं दोन पोट्टे अन् एक भोंगा. मारोतीच्या पारावर बसून त्यायनं सांगतलं का आमी गावोगाव लोकाइचा कौल घेऊन राहिलो. जो कौल निघन तो अकोल्याच्या मोठ्या सभेत साऱ्याइच्या समोर मोजू, मंग सरकारले कळवू. अर्ध्या गावाले लिहिता-वाचता येत नाही म्हनून कागद नाही, दाना. ज्याले वेगळं राज्य पाहिजे त्यानं तुरीच्या दाळीचा एक दाना डब्यात टाकाचा, ज्याले आहे तसंच राहाचं त्यानं हरभऱ्याच्या दाळीचा एक. मानूस एक, दाना एक. अन् गावचा एक बुजुर्ग मानूस संगं आनाचा, तो मंचावर गावाच्या वतीनं बोलन.

मंग सारे बाबाकडे पाहू लागले. बाबा जोड्याकडे पाहू लागले. मले तवा पहिल्यांदा दिसलं का माह्या बुढ्याचे कानही लाल होतेत.

डबा फिरवाचं काम मले भेटलं. काहून का मी दारोदार भाजी इकत होतो, कोनाच्या घरी कुत्रं हाय अन् कोनाच्या घरी सासू हाय हे मले पाठ होतं. वकीलसाहेबानं माह्या छातीले कागदाचा बिल्ला लावला. त्याच्यावर काय लिहेल होतं ते मले आजपर्यंत माहीत नाही, पन मी तो बिल्ला सभेपर्यंतचे आठ दिवस आंघोळीलेही काढला नाही. मंग तो आपोआप निघाला. माहं सोताचं मत इचारसान, तं ज्याच्या घरी चहा भेटे त्याचं मत माहं मत. सकाळी मी वेगळा होतो, दुपारी एकत्र, अन् संध्याकाळी दोन्हीकून ढेकर देत घरी येत होतो.

डबा बनवला सत्तारभाईनं. सत्तारभाई आमच्या गावचे टिनवाले. चिमन्या, चाळन्या, डबे, सारं त्यायच्या हातचं. त्यायनं तेलाचा रिकामा डबा घेतला, झाकनाले चारी बाजूनं डाग देऊन पक्कं बंद केलं, अन् मधात खिळ्यानं एक बारीक छेद पाडला. मंग एक दाना टाकून दाखवला. दाना आत गेला, टन्न वाजला. "देख गुल्या," ते म्हनले, "एक टाईम पे एकच दाना जाते. दोन घुसवतो म्हनशीन तं नाही जात. अब तेरे को अकल की जरूरतच नाही. अकल मैंने डब्बे में डाल दी." मले वाचता येत नाही म्हनून त्यायनं वलगावची खून बी केली, खिळ्याच्या टोच्यानं एक वांगं काढलं डब्यावर. वांगं सुंदर होतं. देठाले काटेही होते.

ते अक्कल मी पहिल्याच घरी बाहेर काढली.

पहिलं घर काशीकाकूचं. मी दारात उभा राह्यलो, छाती काढली अन् म्हनलं, "काकू, एक दाना टाका." काकू आतून पसाभर दाळ घेऊन आली. म्या म्हनलं, "पसा नाही वं, एकच दाना." काकू माह्याकडे अशी पाहे जसं मी तिच्या मायबापाले शिवी देली.

"एक दाना? अन् तुह्या भांड्यात?" ते म्हनली. "अरे दारात भिकारी आला तरी पसाभर घालतो आमी. एक दाना तं मुंगी नेते घरातून, तेही न विचारता. आजपर्यंत कोनाच्या भांड्यात या काशीनं एक दाना नाही टाकला, अन् आता सरकारच्या भांड्यात टाकू? सरकार काय म्हनन, वलगाव उपाशी आहे? काढ झाकन!"

आता तुमीच सांगा. त्या बाईच्या हातात दाळीनं भरेल पसा, माह्या हातात खिळ्याएवढा छेद. म्या इचार केला. हे माही सवय नाही, म्हनून चुकलो. मले वाटलं, एका दान्याचं एक मत, तं पसाभर दान्याइचं केवढं मोठं मत होईन! अकोलेवाले तोंडात बोट घालतीन. मी डबा घेऊन सत्तारभाईकडे पळत गेलो, झाकनाचा डाग काढून आनला. सत्तारभाई घरी नव्हते, त्यायच्या भाच्यानं काढून देला. ते असते तं डागनी माह्या डोक्याले लावली असती.

मंग काय राजे हो! तीन दिवस मी गावभर फिरलो अन् गाव डब्यात रितं होत गेलं. आमच्याकडच्या बायाइचा हात जनमाचा मोकळा. भांडं दारात आलं का ते भराचं, हे त्यायले कोनी शिकवावं लागत नाही. एकच दाना टाका हे मात्र ब्रम्हदेव आला तरी शिकवू शकत नाही. एक म्हनली, "तुरीची सरली बापा, हरभऱ्याची टाकते, चालन का?" म्या म्हनलं, "चालन वं माय, दाळ ते दाळच!" पुढच्या घरी मुगाची पडली. गंगुबुढीनं तं गुळाचा खडाच टाकला, म्हने, "जो निघन तो कौल गोड निघो." आमच्या मायनं दोन्ही दाळी पसा-पसा टाकल्या. म्या म्हनलं, "माय, हे तं दोन्हीकून झालं!" माय म्हनली, "मंग? दोन्हीकून पाव्हने आहेत आपले."

साऱ्या गावात नियमानं मत टाकलं ते एकट्या मानसानं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, अन् मले आंगनात बोलावलं. उपरन्याच्या टोकाले एक गाठ होती. ते सोडली. आपल्या वावरातल्या दाळीचा एक दाना मुठीत घेतला, मूठ डब्यात कोपरापर्यंत घातली, अन् तिथंच उघडली. मूठ बाहेर आली तं रिकामी. तूर होती का हरभरा, कोनाले दिसलं नाही. बाबा उलसेक हसले, मिशीतल्या मिशीत. मंग डब्यात वाकून पाहून म्हनले, "एवढी दाळ काहून रे?"

"लोकाइचा उत्साह, बाबा."

त्यायले हिशेब कळला असता, पन त्या दिवशी ते खुशीत होते, अन् खुशीतल्या मानसाले माह्यासारखा पोट्टाही हुशार वाटते. तवापासून ते वांग्यात उभे राहून मंचावरचं बोलनं पाठ करू लागले. मी मेथी बांधता बांधता ऐकत होतो. "मी महादेव, वलगावचा. आमचं म्हननं असं..." एवढंच. पुढचं डब्यातून निघनार होतं, म्हनून पुढं ते रोज थांबत. एकदा तेवढंच म्हशीसमोर म्हनले. म्हशीनं मान हालवली. बाबा म्हनले, "बरं जमते."

सभेच्या दिवशी आमी पहिल्या एसटीनं अमरावती अन् तिथून अकोल्याची गाडी धरली. डबा म्या टपावर टाकू देला नाही. कंडक्टर म्हने याचं अर्धं तिकीट काढ, म्या म्हनलं याच्यात सारं वलगाव बसेल आहे, किती तिकिटं फाडशीन? गाडी हसली. बाबा खिडकीतून वावरं पाहून राहिले, ओठ हालून राहिले. डोक्यावर नवी टोपी, अन् टोपीचा कागद तसाच आत राहेल, तो कानामागून दिसे. म्या सांगतलं नाही. मले वाटलं तशीच फॅशन असन.

अकोल्यात सभेचा मांडव म्हंजे जत्राच. भोंगे, फुगे, बर्फाचे गोळे, झेंडे. मांडवामागं लिंबाखाली रोडग्याचा सयपाक. गोवऱ्याइच्या आरात कनकेचे जाड रोडगे फुगून राहिले, वांग्याच्या भाजीचा वास थेट ठेसनापर्यंत. आमच्याकडे मोठा सयपाक असला का गावोगावचे लोक आपापला शिधा आनतेत, कोनी कनिक, कोनी दाळ, कोनी तेल, अन् आचाऱ्याच्या बाजूले ठेवून देतेत. ते विचाराची सांगाची रीत नाही, ठेवलं का समजलं. हे मले लहानपनापासून माहीत होतं. तरी डोक्याले रग लागली म्हनून म्या डबा कुठी ठेवावा? पातूरच्या कनकेच्या अन् भातकुलीच्या तेलाच्या मधात. नीट ठेवला, वांगं समोर केलं, अन् मंच पाहाले निघून गेलो.

घंट्याभरानं फिरत फिरत आलो तं आचारी ओरडला, "ए बिल्लेवाले! हात रिकामे दिसतेत. ये, घोट जरा!" केवढा वरनाचा गंज होता काय सांगू, त्यात मानूस बसून आंघोळ करीन. मले मोठ्या कामाचा लय शौक, त्यात वाढनाऱ्या पोरी पाहून राहिल्या. म्या बाह्या वर केल्या, लाकडी दांडा घेतला अन् घोटू लागलो. घोटलं, घोटलं, आंगातून घाम गाळला. गानंही म्हनलं. आचारी दोनदा म्हनला, "मीठ टाक रे," म्या दोनदा हो म्हनलं अन् दोनदा विसरलो. चाखून पाह्यलं अन् पोरीइले आयकू जाईन असं मोठ्यानं म्हनलं, "वा! आसं वरन वलगावातही होत नाही!"

पंगत बसली. बाबा मंचावरच्या मानसाइच्या रांगेत, वकीलसाहेबाच्या शेजारी. रोडग्यावर तुपाची धार, त्यावर वरन. म्याच वाढलं. वकीलसाहेब म्हनले, "गोडसर हाय नाही? छान हाय." बाबानं एक घास घेतला, थांबले, दाताखालून काहीतरी काढलं, बोटावर घेऊन पाह्यलं अन् म्हनले, "तुरीची गळली, हरभऱ्याची कच्चीच राह्यली. दोन दाळी एका गंजात कोन्या येड्यानं टाकल्या?" म्या म्हनलं, "अकोल्याचे लोक, बाबा. यायले काय समजते," अन् अजून एक पळी वाढली.

जेवन झालं, सभा लागली. एकेक गावाचं नाव पुकारत, एकेक डबा वर जाय. पातूरचा मोजला, टाळ्या. भातकुलीचा मोजला, टाळ्या. त्यायचे डबे एवढुसे, चहाच्या डब्याएवढे. मले हसू आलं, म्हनलं आता वलगावचा पाहा. भोंग्यातून आवाज आला, "वलगाव!" बाबा उठले. टोपी नीट केली. मी लिंबाखाली पळालो.

डबा होता. वांगं होतं, देठाचे काटे होते. डबा उलटा होता, अन् त्याच्यावर आचारी बसून बिडी ओढून राहिला होता.

"याच्यातली दाळ?" म्या विचारलं.

"चांगली होती," आचारी म्हनला. "तुमचीच का? गूळही पाठवला, लय शहाने लोक."

म्या तो डबा त्याच्या खालून ओढला अन् मंचाच्या पायरीवर बाबाले गाठलं. डब्यात बाबानं वाकून पाह्यलं. पहिल्यांदा माह्याकडे, मंग डब्यात, मंग पुन्हा माह्याकडे.

"कुठी गेला कौल?"

"खाल्ला, बाबा."

"कोनी?"

"आपन. साऱ्याइनं. म्याच घोटला."

माह्या बाबानं सत्तर वर्सं वाट पाह्यली होती राजे हो, अन् त्यायच्या मिशीले अजून वरन लागेल होतं. मले वाटलं आता मारतीन. मारलं असतं तं बरं झालं असतं. पन ते सरळ माइकपाशी गेले. दोन्ही हात जोडले.

"मी महादेव, वलगावचा," बाबा म्हनले. "आमचं म्हननं असं..." अन् तिथंच थांबले, जसे वांग्यात थांबत. मी डोळे मिटले. "आमचं म्हननं तुमी आताच जेवले. ते वरन आमचा कौल होता. आचाऱ्यानं शिजवला, माह्या पोट्ट्यानं घोटला अन् वकीलसाहेबानं दोनदा मांगून घेतला. कसा होता ते आता तुमीच सरकारले कळवा. आमच्याकून एवढंच, का मीठ कमी होतं."

आंधी कोनाले समजलं नाही. मंग आचारी लिंबाखालून ओरडला, "मीठ त्या बिल्लेवाल्यानं नाही टाकलं!" अन् मांडव असा हसला, असा हसला, का दोन खांब हालले. बाया पदर तोंडात धरून लोळल्या. वकीलसाहेब पोट धरून हसून राहिले, अन् पोटात काय आहे ते आठवलं का आनखी हसत. लोक टाळ्या वाजवू लागले, कोनी बाबाले खांद्यावर घेतलं. त्या दिवशी साऱ्या सभेत बाबाएवढ्या टाळ्या कोनालेच पडल्या नाहीत. मीही हसलो. मी तं सगळ्यात जास्त हसलो, काहून का बाबा हसून राहिले होते.

परतीच्या गाडीत मात्र ते हसत नव्हते. रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तवा डब्यावरच्या वांग्यावर बोट फिरवत म्हनले, "पुन्हा विचारतीन का रे ते?"

"विचारतीन ना, बाबा. पुढच्या वर्सी."

कोनी आलं नाही. पुढच्या वर्सी नाही, त्याच्याही पुढच्या वर्सी नाही. निवडनूक आली का वेगळ्या राज्याची गोष्ट अजूनही निघते, भोंगे फिरतेत, अन् निवडनूक गेली का भोंगेही जातेत. परवा शुभांगीनं मोबाईल समोर धरला, म्हने, "आबा, वेगळा विदर्भ पाहिजे का? हो किंवा नाही, बोट लावा." मी लय वेळ बोट हवेत धरून बसलो. मंग फोनच बंद पडला. तो डबा अजून घरात आहे, त्यात शुभांगीच्या फोनच्या वायरी राहतेत.

बाबाचा दाना तूर होता का हरभरा, हे मले पाहिजे होतं. म्या त्यायले विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, माह्या लग्नात विचारलं, पहिलं पोरगं झालं तवा पेढा देऊन विचारलं. त्यायनं पेढा खाल्ला अन् वांग्यात निघून गेले. शेवटी शेवटी त्यायले दिसेनासं झालं, मी त्यायले आंगनात उन्हाले बसवत होतो. एक दिवस ते खुशीत दिसले, म्या पाय दाबता दाबता हळूच म्हनलं, "बाबा, आता तं सांगा. काय टाकलं होतं?"

बाबानं माहा हात पायावरून बाजूले केला.

"एकदा शिजवून खाल्लं ना माहं मत?" ते म्हनले. "आता काय फोडनी द्याले मांगून राहिला?"